एकच स्थापना, तीन सर्व्हर: शेअर्ड स्टोरेजवरील सॅस ९.४ ग्रिडचा वर्षभराचा अनुभव

नाशिकमध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळते, तेथे वाहनांचे सुटे भाग तयार होतात आणि प्रत्येक भागाची मोजमापे यंत्रावरून थेट डेटाबेसमध्ये जमा होतात. या नोंदींच्या विश्लेषणासाठी आमच्याकडे पूर्वीपासून सॅस हे सांख्यिकी विश्लेषणाचे सॉफ्टवेअर होते. मात्र ते तीन सर्व्हरवर तीनदा, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या हातांनी बसवलेले होते. एका सर्व्हरवर सगळे पॅच, म्हणजे उत्पादकाच्या दुरुस्त्या, चढलेले, दुसऱ्यावर अर्धे, तिसऱ्यावर मुळीच नाहीत, अशी स्थिती होती. गुणवत्ता विभागातील एका सहकाऱ्याने एके दिवशी एकाच प्रोग्रॅमचे दोन छापील अहवाल माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. नाकारलेल्या भागांची बेरीज दोन्हींत जुळत होती, पण दोषांच्या प्रकारांनुसार केलेली विभागणी जुळत नव्हती. शोध घेतल्यावर कळले की दोषांचे संकेतांक उलगडणारा फॉरमॅट कॅटलॉग प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर होता आणि त्यांतील एक सहा महिने जुना होता. असा अहवाल ग्राहकाच्या ऑडिटमध्ये पुढे गेला असता तर काय उत्तर दिले असते, हा प्रश्न त्या दिवशी आम्हा सर्वांनाच पडला. सॉफ्टवेअर एकदाच, सर्व सर्व्हरना दिसणाऱ्या शेअर्ड स्टोरेजवर बसवायचे आणि तिन्ही सर्व्हर ग्रिड म्हणून एकत्र चालवायचे, असा निर्णय त्यातूनच झाला.

त्या निर्णयाला आता वर्ष होऊन गेले आहे. माझे मत आधीच सांगते: ही रचना आम्हाला मानवली आहे आणि पुन्हा निवडायची वेळ आली तरी मी हीच निवडेन. परंतु ‘एकदा बसवले की सगळीकडे चालते’ हे जे सांगितले जाते, ते केवळ सॉफ्टवेअरच्या फायलींपुरते खरे आहे. सर्व्हर तीनच राहतात, त्यांची वापरकर्त्यांची खाती तीन ठिकाणी राहतात, त्यांच्या सेटिंग्ज तीन ठिकाणी राहतात, आणि आमचे बहुतेक दिवस त्यातच गेले.

सॅस बनवणारी त्याच नावाची कंपनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या केरी गावची, १९७६ साली स्थापन झालेली. सॉफ्टवेअरची ९.४ ही आवृत्ती २०१३ साली आली आणि त्यानंतर तिच्या सुधारित देखभाल आवृत्त्या निघत राहिल्या. ग्रिड या प्रकारात वापरकर्ता आपले काम एका ठिकाणी सोपवतो आणि ते कोणत्या सर्व्हरवर चालवायचे हे वाटप करणारी यंत्रणा ठरवते. हे वाटप पूर्वीपासून एलएसएफ हे सॉफ्टवेअर करते, जे मुळात प्लॅटफॉर्म कॉम्प्युटिंग या कंपनीचे होते आणि २०१२ साली ती कंपनी आयबीएमने घेतली. पुढे सॅसने स्वतःची वाटप यंत्रणाही दिली. आम्ही मात्र एलएसएफच ठेवले, कारण त्याच्या आज्ञा आमच्या हाताला बसलेल्या होत्या. सॅसचीच नवीन व्हाया ही प्रणाली कुबरनेटिस या, अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणाऱ्या, व्यवस्थेवर चालते आणि तिच्यासाठी लागणारे मनुष्यबळ आमच्या चार जणांच्या विभागात नाही, म्हणून तिचा विचार आम्ही लवकरच बाजूला ठेवला.

स्टोरेजच्या निवडीबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण या सगळ्या प्रकारात पैसे वाया जाण्याची सर्वांत मोठी जागा तीच आहे. सॅसचे काम म्हणजे मोठमोठ्या फायली सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचणे आणि सलग लिहिणे. त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमागे सेकंदाला किमान १०० ते १२५ मेगाबाइट इतका वेग स्टोरेजकडून मिळाला पाहिजे, असा या क्षेत्रातला रूढ हिशेब आहे. आमचे तीन सर्व्हर प्रत्येकी ८ कोअरचे, म्हणजे एकूण २४ कोअर. कमीत कमी १०० धरले तरी सेकंदाला २,४०० मेगाबाइट हवेत. पहिल्या पुरवठादाराने जे कोटेशन दिले होते त्यात एकाच १० गिगाबिट जोडणीवरचा एनएफएस बॉक्स, म्हणजे नेटवर्कवरून सर्व सर्व्हरना फायली पुरवणारे यंत्र, होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १० गिगाबिटला आठने भागले की १,२५० मेगाबाइट होतात, आणि तेही केवळ कागदावर. ज्या जोडणीतून गरजेच्या जेमतेम निम्मे पाणी वाहू शकते, तिच्यामागे कितीही मोठी टाकी बांधली तरी काय उपयोग? कोटेशनमध्ये किती टेराबाइट मिळणार ते ठळक अक्षरांत होते आणि सेकंदाला किती मेगाबाइट मिळणार याचा उल्लेखच नव्हता. कोणी अशी खरेदी करणार असेल तर हा भागाकार खरेदी समितीसमोर फळ्यावर करून दाखवावा, इतकेच मी आग्रहाने सांगेन.

एनएफएस नाकारण्याचे दुसरेही एक कारण होते. एनएफएसमध्ये प्रत्येक सर्व्हर फायलींची माहिती काही काळ स्वतःच्या स्मृतीत जपून ठेवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये हा काळ ३ ते ६० सेकंदांचा असतो. एकट्या माणसाच्या कामात हे जाणवतही नाही. ग्रिडमध्ये मात्र एका सर्व्हरने आत्ताच लिहिलेली फाइल पुढच्याच क्षणी दुसरा सर्व्हर उघडायला जातो आणि त्याला ती अस्तित्वातच नाही असे दिसते. ही साठवलेली माहिती वापरू नये असे सेटिंग करता येते, पण मग वेग आणखी घटतो. एक्सएफएस ही आमच्या ओळखीची फाइल सिस्टिम होती, परंतु ती एकच डिस्क एकाच वेळी दोन सर्व्हरवर लावण्यासाठी नाहीच. असे कोणी केले तर दोन्ही सर्व्हर स्वतःला एकमेव मालक समजून लिहीत राहतात आणि थोड्याच वेळात डेटाचा नाश होतो. म्हणून आम्ही फायबर चॅनल या स्टोरेजसाठीच्या खास जलद जोडणीवरचे स्टोरेज घेतले आणि त्यावर रेड हॅट लिनक्सची जीएफएस२ ही क्लस्टर फाइल सिस्टिम लावली, जिच्यात कोणती फाइल कोणाच्या हातात आहे हे सर्व सर्व्हर आपापसांत सतत ठरवत असतात. रेड हॅट एका क्लस्टरमध्ये १६ सर्व्हरपर्यंत तिला पाठबळ देते, तेव्हा तीन-चार सर्व्हरच्या आमच्या गरजेला ती पुरेशी होती.

स्टोरेज बसल्यावर सॉफ्टवेअर चढवण्याआधी आम्ही वेगाची चाचणी घेतली. एकट्या सर्व्हरवर ती उत्तम आली: सेकंदाला सुमारे १,३०० मेगाबाइट. पुरवठादाराचे अभियंते समाधानाने निघण्याच्या तयारीत होते. आम्ही त्यांना थांबवून तीच चाचणी तिन्ही सर्व्हरवर एकदम सुरू करायला सांगितली आणि आकडा प्रत्येकी ६४० वर आला, म्हणजे कोअरमागे ८०. अपुरा. यावर बराच खल झाला आणि शेवटी तात्पुरत्या फायलींची जागा, ज्याला सॅसमध्ये वर्क म्हणतात, ती शेअर्ड स्टोरेजवरून काढून प्रत्येक सर्व्हरच्या आतल्या वेगवान एनव्हीएमई डिस्कवर नेली. सॅसची सर्वाधिक वाचन-लेखनाची धावपळ याच तात्पुरत्या फायलींत होते, त्यामुळे शेअर्ड स्टोरेजवरचा भार एकदम उतरला. याची किंमतही आहे: एखादा सर्व्हर मध्येच बंद पडला तर त्यावरच्या कामाच्या तात्पुरत्या फायली दुसऱ्या सर्व्हरला मिळत नाहीत आणि ते काम पहिल्यापासून चालवावे लागते. आमची कामे सहसा वीस-पंचवीस मिनिटांत संपणारी असल्याने हा सौदा आम्हाला परवडला. आठ-आठ तासांची कामे असणाऱ्यांनी तो विचार करूनच करावा.

प्रत्यक्ष स्थापना त्यामानाने सरळ आहे आणि त्याबद्दल उत्पादकाचे कौतुक केले पाहिजे. सर्व सॉफ्टवेअरचा एक डेपो आधी उतरवून घ्यायचा, परवान्याची फाइल आणि कोणत्या मशीनवर काय बसवायचे याची आराखडा फाइल हाताशी ठेवायची, आणि डिप्लॉयमेंट विझार्ड हा स्थापनेचा प्रोग्रॅम एका साध्या खात्यातून, रूट या सर्वाधिकारी खात्यातून नव्हे, चालवायचा. मेटाडेटा (वापरकर्ते, सर्व्हर आणि अधिकार यांच्या नोंदी) आणि वेबची सेवा आम्ही चौथ्या वेगळ्या मशीनवर, तिच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवली. ग्रिडचे सॉफ्टवेअर, त्याचे कॉन्फिगरेशन आणि एलएसएफ शेअर्ड स्टोरेजवर गेले. विझार्डने विचारलेली सगळी उत्तरे एका फायलीत नोंदवून ठेवता येतात आणि तीच फाइल देऊन पुढच्या वेळी सारे काही आपोआप चालवता येते. ही सोय प्रत्येकाने वापरावी, कारण त्या उत्तरांइतकी नेमकी नोंद दुसऱ्या कोणत्याही दस्तऐवजात राहत नाही. विझार्ड नेहमी एकाच सर्व्हरवरून चालवण्याची शिस्तही आम्ही पाळतो. त्याचे लॉग स्थापना करणाऱ्या खात्याच्या होम डिरेक्टरीत पडतात आणि ती डिरेक्टरी प्रत्येक सर्व्हरवर वेगळी असेल तर अर्धा इतिहास इकडे आणि अर्धा तिकडे विखुरतो.

त्या विझार्डमधला एक लहानसा चौकोन मराठीत काम करणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. प्रादेशिक सेटिंग्जच्या पानावर सर्व्हर युनिकोड, म्हणजे सर्व लिप्या सामावणारा, म्हणून बसवायचा का, असे विचारले जाते. आमच्या यंत्रांवरचे कामगार यंत्र थांबल्याचे कारण मराठीत, देवनागरीत लिहितात, म्हणून तेथे खूण करणे आम्हाला अनिवार्य होते. जुन्या स्थापनेत ती नव्हती आणि ती कारणे प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन येत असत. खूण केल्यावरही एक गोष्ट उरतेच: सॅस स्तंभाची लांबी अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये मोजते आणि युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘ड्रिल बोथट’ एवढ्या दोन शब्दांना २८ बाइट लागतात. आमचा तो स्तंभ २० बाइटचा होता. त्यात ‘ड्रिल ब’ एवढेच मावून पुढे एक मोडके चिन्ह दिसू लागले. सर्व जुन्या स्तंभांची लांबी तिप्पट करण्यात आमचा एक पूर्ण आठवडा गेला, परंतु आता कामगाराने लिहिलेला शब्द अहवालात जसाच्या तसा उमटतो आणि मला त्याचे मोठे समाधान आहे.

पहिल्या खऱ्या अडचणीने स्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी गाठले. गुणवत्ता विभागातून फोन आला, “मॅडम, कधी आत जाता येतं, कधी पासवर्डच घेत नाही.” पासवर्ड बरोबर होता. लॉग चाळल्यावर दिसले की पहिल्या आणि तिसऱ्या सर्व्हरवर गेलेली कामे चालतात आणि दुसऱ्यावर गेलेली प्रत्येक मागणी नाकारली जाते. सॉफ्टवेअर एकच, फाइल एकच, डिस्कही एकच; मग फरक कुठे असावा? सॅसमध्ये लॉगिन आणि परवानग्यांशी संबंधित ईएलएसएसआरव्ही, सॅसऑथ आणि सॅसपर्म असे तीन छोटे प्रोग्रॅम असतात. स्थापनेनंतर रूटने एक स्क्रिप्ट चालवून त्यांना सेटयूआयडी ही परवानगी द्यावी लागते, म्हणजे ते कोणीही सुरू केले तरी रूटच्या अधिकाराने चालतात. ती परवानगी फायलीवर नीट दिसत होती. परंतु दुसऱ्या सर्व्हरवर सुरक्षा ऑडिटच्या वेळी आमच्याच एका सहकाऱ्याने शेअर्ड डिस्क जोडण्याच्या ओळीत ‘नोसुइड’ (nosuid) हा शब्द घातला होता. त्या एका शब्दामुळे लिनक्स त्या डिस्कवरील अशा सर्व परवानग्या दुर्लक्षित करते. डिस्क सामायिक असली तरी ती जोडण्याची ओळ प्रत्येक सर्व्हरची स्वतःची असते, हे त्या संध्याकाळी आमच्या पक्के ध्यानात आले.

त्यानंतर आम्ही जी जी गोष्ट स्टोरेजवर नसून सर्व्हरवर आहे तिची एक यादी भिंतीवर लावली. वापरकर्त्यांचे आणि गटांचे क्रमांक तिन्हीकडे तेच असले पाहिजेत, कारण फायलीवर नाव नव्हे तर क्रमांक लिहिलेला असतो. लॉगिनसाठी पॅम ही लिनक्सची पडताळणी यंत्रणा वापरत असाल तर त्याची सॅसऑथ नावाची फाइल प्रत्येक सर्व्हरवर हवी. एकाच वेळी उघडता येणाऱ्या फायलींची मर्यादा, जी आम्ही २०,४८० ठेवली आहे, तीही प्रत्येक ठिकाणी घालावी लागते. आणि घड्याळे जुळलेली नसतील तर लॉगमधील घटनांचा क्रम लागत नाही. यांपैकी एकही गोष्ट अवघड नाही. पण विझार्ड त्या तुमच्यासाठी करत नाही आणि उत्पादकाच्या दस्तऐवजांत त्या चार वेगवेगळ्या ठिकाणी पसरलेल्या आहेत, ही माझी या उत्पादनाबद्दलची मुख्य तक्रार आहे. हजारो पाने दस्तऐवज देणाऱ्या कंपनीने शेअर्ड स्टोरेजवर काय जाते आणि काय जात नाही याचे एक पान द्यायला हरकत नव्हती.

जीएफएस२ चा स्वभावही ओळखून घ्यावा लागतो. क्लस्टरमधील एखादा सर्व्हर उत्तर देईनासा झाला की इतर सर्व्हर त्याला स्टोरेजपासून निश्चितपणे तोडेपर्यंत, म्हणजे त्याच्या व्यवस्थापन पोर्टवरून त्याची वीज बंद केल्याची खात्री होईपर्यंत, फाइल सिस्टिम थांबवून धरतात. याला फेन्सिंग म्हणतात आणि डेटा वाचवण्यासाठी ते योग्यच आहे. आमच्याकडे त्या पोर्टचा पासवर्ड नियमानुसार बदलला गेला आणि क्लस्टरच्या सेटिंगमध्ये जुनाच राहिला. काही आठवड्यांनी तिसऱ्या सर्व्हरची नेटवर्क वायर सैल झाली, उरलेल्या दोघांनी त्याला तोडण्याचा प्रयत्न केला, पासवर्ड चुकीचा म्हणून तो फसला, आणि एका वायरपायी तिन्ही सर्व्हर पन्नास मिनिटे गोठून राहिले. दोष आमचा होता. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आम्ही एक सर्व्हर मुद्दाम तोडून पाहतो आणि तो आपोआप परत येईपर्यंत जागचे हलत नाही.

मे महिन्यातल्या एका वळवाने आणखी एक उणीव उघडी केली. संध्याकाळी वादळात वीज गेली, यूपीएस संपेपर्यंत ती आली नाही, आणि आल्यावर सर्व्हर स्टोरेजच्या आधी जागे झाले. ज्या डिरेक्टरीवर शेअर्ड डिस्क जोडली जायची ती त्या वेळी रिकामी होती आणि रात्रीची एक स्क्रिप्ट त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर, निकाल लिहू लागली. मग शेअर्ड डिस्क जोडली गेली आणि ते निकाल तिच्याखाली झाकले गेले. सकाळी सर्वांना वाटले की फायली नाहीशा झाल्या. आता एलएसएफ आणि सॅसच्या सेवा डिस्क जोडल्याची खात्री झाल्याखेरीज सुरूच होत नाहीत अशी व्यवस्था सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेत, केली आहे, आणि डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला बदल-निषिद्ध करून ठेवले आहे, जेणेकरून तिच्यात कोणाला काही लिहिताच येऊ नये.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला त्याबद्दल. पॅच चढवणे पूर्वी तीन शनिवारांचे काम होते. आता ते एका शनिवारी दुपारपर्यंत संपते. त्यासाठी तिन्ही सर्व्हरवरील सर्व सत्रे बंद करावी लागतात, एखादा सर्व्हर चालू ठेवून उरलेल्यांवर पॅच चढवण्याची जुनी सोय गेली, हे खरे आहे. पण स्टोरेजवर आधी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, घेतला की बिघाड झाल्यास मागे परतणे काही मिनिटांचे काम होते. फक्त मेटाडेटाची बॅकअप प्रत त्याच क्षणाची असली पाहिजे, नाहीतर दोन्हींचा मेळ बसत नाही. दरवर्षी येणारी परवान्याची फाइल एकदाच लावली जाते. आणि फॉरमॅट कॅटलॉग एकच असल्याने दोन सर्व्हरवर दोन उत्तरे येण्याचा प्रकार वर्षभरात एकदाही घडलेला नाही. माझ्या दृष्टीने एवढ्या एका गोष्टीनेही खर्च वसूल झाला.

सातपूर-अंबडमधील ज्या लहान कारखान्यांत विश्लेषण करणारी दोन-तीनच माणसे आहेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये. एक चांगला मोठा सर्व्हर आणि त्यातल्या वेगवान डिस्क त्यांना पुरतील आणि क्लस्टरची राखणदारी करावी लागणार नाही. तीन किंवा अधिक सर्व्हर खरोखरच लागत असतील आणि लिनक्स नीट जाणणारा निदान एक माणूस घरचा असेल, तरच हा मार्ग धरावा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की रेड हॅटने आवृत्ती १० पासून जीएफएस२ ज्यात येते तो रेझिलियंट स्टोरेजचा भाग बंद केला आहे. आमची आवृत्ती ८ आहे, तेव्हा आम्हाला अजून सवड आहे. पण पुढची खरेदी आयबीएमच्या स्टोरेज स्केलसारखी दुसरी क्लस्टर फाइल सिस्टिम धरूनच करावी लागेल आणि तिचा खर्च वेगळा मोजावा लागेल.

गेल्या महिन्यात आम्ही ग्रिडमध्ये चौथा सर्व्हर जोडला. भिंतीवरची यादी उतरवून एकेक ओळ तपासत गेलो: क्रमांक, पॅम, मर्यादा, घड्याळ, जोडणीची ओळ. तरीही डिस्क जोडली जाईना. जीएफएस२ ला प्रत्येक सर्व्हरमागे एक स्वतंत्र जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, लागते आणि आम्ही सुरुवातीला तीनच बनवलेली होती. चौथे जर्नल चालू फाइल सिस्टिमवरच, कोणाचेही काम न थांबवता जोडता आले, डिस्क लागली, आणि विझार्ड पुन्हा न चालवता चाळीस मिनिटांत चौथ्या सर्व्हरवर गुणवत्ता विभागाचे पहिले काम धावले. यादीत ती ओळ त्याच दुपारी वाढवली.